कानाशी आलेला आवाज

श्रोतेहो, नव्या यंत्राला पहिल्यांदा कान लावणाऱ्या माणसाला काय वाटले, याचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. यंत्रे बदलली, देश बदलले; पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा उद्गार फारसा बदललेला नाही. "अहो, अगदी कानाशी येऊन बोलतो आहे!" असेच तो म्हणत आला आहे. आज शहरात आणि खेड्यातही कानाच्या आत बसवायचे इअरफोन सर्रास दिसतात. त्यांतले साधे शे-दोनशे रुपयांना मिळतात, तर उंची प्रकारचे लाख रुपयांच्याही पुढे जातात. करंगळीच्या पेराएवढे हे महागडे यंत्र कानात घातल्यावर पहिल्यांदा काय ऐकू येते, ते तसेच का ऐकू येते, आणि ही वस्तू मुळात कोणाच्या गरजेतून जन्माला आली, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

सुरुवात करू या १८१६ सालापासून. पॅरिस शहरातल्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेक नावाचा एक डॉक्टर होता. त्या काळी रोग्याच्या छातीला कान लावून हृदयाचे ठोके ऐकत. एके दिवशी एक तरुण, अंगाने स्थूल अशी बाई तपासणीसाठी आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला योग्य वाटेना. लाकडी तुळईच्या एका टोकावर टाचणी खरवडली, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ती स्पष्ट ऐकू येते, हा मुलांचा खेळ त्याला आठवला. त्याने कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. प्रत्यक्ष कान लावून कधी ऐकू आले नव्हते इतके स्वच्छ ठोके त्याला ऐकू आले. डॉक्टरच्या गळ्यातली नळी, म्हणजे स्टेथॉस्कोप, जन्मली ती अशी. पुढे १८५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन या डॉक्टरने तिला दोन फाटे देऊन दोन्ही कानांत बसतील अशी केली.

या लहानशा हकिगतीत पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. मंद आवाज ऐकायचा असेल, तर तो मोठा करणे हा एकच मार्ग नव्हे. आवाज वाटेत सांडू द्यायचा नाही आणि बाहेरचा गलबला आत येऊ द्यायचा नाही, एवढे साधले की मंद आवाजही स्पष्ट होतो. उसाच्या फडाला पाणी द्यायचे तर पाटाची फूट आधी बुजवावी लागते, तसेच हे.

१८७६ साली ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन आला आणि आवाज तारेतून धावू लागला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसमध्ये विजेच्या यंत्रांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. क्लेमां आदेर या इंजिनिअरने तिथल्या ऑपेरा नाट्यगृहाच्या रंगमंचावर, पुढच्या दिव्यांच्या रांगेत, आवाज टिपणारी यंत्रे बसवली आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. तिथे लोक दोन हातांत दोन रिसीव्हर धरून दोन्ही कानांना लावीत. मौज अशी की उजव्या कानाची तार रंगमंचाच्या एका बाजूच्या यंत्राला जोडलेली, तर डाव्या कानाची दुसऱ्या बाजूच्या. त्यामुळे गाणारा नट रंगमंचावर इकडून तिकडे चालला, की ऐकणाऱ्यालाही आवाज एका बाजूकडून दुसरीकडे सरकल्यासारखा वाटे. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो, त्याचा जगातला हा पहिला जाहीर प्रयोग.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ख्यातनाम फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो आपल्या नातवंडांना घेऊन पोस्टखात्याच्या मंत्र्यांच्या घरी गेला. तिथेही अशा तारा आणल्या होत्या. एक जोडी कानाला लावली की ऑपेरा, दुसरी लावली की नाटक. घरी आल्यावर त्याने टिपणवहीत नोंद केली, की प्रकार मोठा विलक्षण आहे, मुले हरखून गेली आणि आपणही. त्या वेळी तो एकोणऐंशी वर्षांचा होता. कानाला यंत्र लावून गाणे ऐकल्याच्या, लिहून ठेवलेल्या पहिल्या अनुभवांपैकी हा एक. आजचा कोणी हौशी पाच पाने भरून लिहितो, पण सांगायचे असते ते बहुतेक एवढेच.

यानंतरचा एक टप्पा अमेरिकेतला. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास याने एडिसनचे फोनोग्राफ यंत्र ठेवले. त्याला रबरी नळ्या जोडलेल्या होत्या. नाणे टाकायचे, नळीची टोके कानांत घालायची आणि गाणे ऐकायचे. त्या काळच्या फोनोग्राफचा आवाज इतका बारीक, की गजबजलेल्या जागेत तो नळीशिवाय कोणाला ऐकू येणे कठीण होते. दोन वर्षांनी, १८९१ साली, फ्रान्सच्याच एर्नेस्त मेर्काडिए याने कानाच्या छिद्रात बसणाऱ्या जोड-टेलिफोनचे पेटंट अमेरिकेत घेतले. वजन पन्नास ग्रॅमच्या आत आणि टोकांना रबराच्या टोप्या. टोपीने कानाला त्रास होऊ नये आणि बाहेरचा आवाजही अडावा, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे आजच्या इअरफोनच्या टोकाला जे रबराचे किंवा स्पंजाचे बोंड असते, त्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे!

आता या यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू. १९१० साली अमेरिकेच्या युटा भागात नॅथॅनियल बाल्डविन नावाचा एक खटपटी माणूस राहत होता. त्याने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन तयार केले आणि नमुना नौदलाकडे धाडला. नौदलाला तो इतका पसंत पडला की त्यांनी आणखी मागवले. बाल्डविनने कळवले, एका वेळी दहाच देऊ शकेन! त्याच्या यंत्रातली युक्ती अशी होती: चुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध लोखंडाची एक बारीक पट्टी तोलून धरायची. भोवतीच्या वेटोळ्यातून आवाजाची वीज वाहिली, की पट्टी किंचित इकडे, किंचित तिकडे झुकते. ही हालचाल एका काडीने पातळ पडद्याला पोचवायची, की पडदा थरथरतो आणि आवाज उमटतो. तराजूचा काटा मधोमध असला की गुंजभर वजनानेही हलतो. ही पट्टीही तशीच अगदी क्षीण विजेने हलते. हिला आपण तोललेली पट्टी म्हणू. पुढे तिचे काम पडणार आहे.

क्षीण विजेवर चालणारे यंत्र त्या काळी का हवे होते? कारण नभोवाणीचे पहिले संच क्रिस्टलचे होते. त्यांना ना बॅटरी, ना घरची वीज. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा, एक तार, लांब एरियल, बस्स. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी अशा स्फटिकाने विद्युत्‌लहरी टिपण्याच्या युक्तीसाठी १९०१ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला होता आणि १९०४ साली ते मंजूर झाले. हवेतून येईल तेवढ्याच शक्तीवर ऐकायचे, म्हणजे हेडफोनला पर्याय नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हाच्या काळात रेडिओ ऐकणे म्हणजे पुष्कळांच्या लेखी कानाला हेडफोन लावणेच होते. इंग्लंड-अमेरिकेत तर हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवीत आणि घरातली माणसे वाडग्याभोवती डोकी जमवून ऐकत. एकाच्या कानासाठी केलेली वस्तू, पण घरच्यांना वगळून एकट्याने ऐकणे माणसाला जड गेले असावे.

पुढे व्हॉल्व्हचे संच आले, लाउडस्पीकर आले आणि हेडफोन मागे पडले. मग ती तोललेली पट्टी गेली कुठे? श्रोतेहो, ती गेली बहिऱ्यांच्या कानात. कमी ऐकू येणाऱ्यांना श्रवणयंत्र हवे असे, आणि ते जितके लहान तितके बरे. अमेरिकेत ह्यू नोल्स याने १९४६ साली एक कंपनी काढली. श्रवणयंत्रात बसतील असे चिमुकले मायक्रोफोन आणि चिमुकले रिसीव्हर बनवणे हा तिचा धंदा. याच सुमारास, १९४७ च्या डिसेंबरात, ट्रान्झिस्टरचा शोध लागला. आपण ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओच समजतो. पण ट्रान्झिस्टर बाजारात प्रथम आला तो रेडिओतून नव्हे, तर १९५२ च्या अखेरीस श्रवणयंत्रातून. ट्रान्झिस्टर रेडिओ आला दोन वर्षांनंतर, १९५४ साली. बहिऱ्या माणसाची गरज अशी पुष्कळ वेळा पुढे चालली आहे आणि चैनीची वस्तू तिच्या मागून आली आहे.

गाणे ऐकण्यासाठी हेडफोन पुन्हा लोकप्रिय झाले ते १९५८ नंतर. मिलवॉकी गावच्या जॉन कॉस याने एक नेता येण्याजोगा ग्रामोफोन प्रदर्शनात मांडला होता. शेजारच्याला त्रास न होता ऐकता यावे म्हणून सोबत स्टिरिओ हेडफोन जोडले होते. लोकांनी ग्रामोफोनकडे फारसे पाहिले नाही; हेडफोनवर मात्र उड्या पडल्या. मग १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावण्याची दोन भोके होती. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटले, की चारचौघांत एकट्यानेच गाणे ऐकत बसणे उद्धटपणाचे दिसेल, तेव्हा निदान दोघांना तरी ऐकता यावे. लोकांचा अनुभव उलटा निघाला. ज्याला त्याला आपापला वॉकमन हवा झाला.

आता आपण मूळ विषयापाशी आलो. नोल्स कंपनीत वर्षानुवर्षे काम केलेले मीड किलियन नावाचे एक श्रवणशास्त्रज्ञ होते. १९८३ साली त्यांनी एटिमोटिक रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली आणि १९९१ साली श्रवणयंत्रातला तोललेल्या पट्टीचा रिसीव्हर वापरून कानात खोल बसणारा, गाणे ऐकण्याचा इअरफोन बाजारात आणला. उंची इअरफोनांचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही. चार वर्षांनी, १९९५ साली, व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ढोलवादकाने आपल्या ध्वनितंत्रज्ञाला, जेरी हार्वी याला, गाऱ्हाणे सांगितले, की रंगमंचावरच्या लाउडस्पीकरांनी कानांची वाट लागते आहे. हार्वीने त्याच्या कानाचा साचा घेऊन त्यात दोन रिसीव्हर बसवले, एक खालच्या स्वरांसाठी आणि एक वरच्या. रंगमंचावरचा गोंगाट बाहेर राहिला आणि वादकाला आपले वादन माफक आवाजात ऐकू येऊ लागले. आज एकेका कानात चार, सहा, दहा रिसीव्हर बसवलेले इअरफोन विकले जातात. त्या साऱ्यांच्या मुळाशी आहे ती बहिऱ्यांसाठी केलेली पट्टी आणि कान वाचवण्याची धडपड. हे पक्के ध्यानात ठेवू या.

तर मग असा उत्तम इअरफोन पहिल्यांदा कानात घातला, की काय होते? पहिला अनुभव गाण्याचा नसतोच. पहिला अनुभव शांततेचा असतो. डोक्यावरून हात नेऊन कान किंचित वर-मागे ओढला आणि स्पंजाचे बोंड दाबून आत सरकवले, की ते हळूहळू फुगते आणि अर्ध्या मिनिटात पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, शेजारच्या घरातली भांडी दूर जातात. चांगले बसलेले बोंड बाहेरचा आवाज पंचवीस डेसिबेल किंवा त्याहूनही अधिक कमी करते. मग तंबोऱ्याची तबकडी लावली, तर तारेखाली घोडीवर ठेवलेल्या धाग्यामुळे जवारीची जी झळाळी निघते, ती सुटी सुटी ऐकू येते. गायकाने श्वास घेतला, तबलजीने बायाँवर मनगट घासले, सतारियाचे बोट तारेवरून सरकले, हे सारे कळते. मात्र जुनी तबकडी असेल, तर सुईची खरखरही तितकीच स्वच्छ ऐकू येते! चांगले यंत्र गुण आणि दोष दोन्ही सांगते. पहिल्यांदा ऐकणारा कधी कधी यानेच नाराज होतो.

आवाज इतका जवळ का वाटतो? आपल्या कानाची नळी सुमारे पंचवीस मिलिमीटर लांब. तिच्या टोकाशी पडदा. इअरफोन आत बसला, की त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये उरते ती चिमूटभर हवा, अंगुस्तानातही मावेल इतकी. खोली भरून असलेली हवा हलवायला लाउडस्पीकरला मोठा कागदी पडदा लागतो. ही चिमूटभर हवा हलवायला बारीक पट्टी पुरते. पण अट एकच, फट राहता कामा नये. फट राहिली की खर्जाचे स्वर निसटून जातात आणि मृदंग रिकाम्या डब्यासारखा वाजतो. लाख रुपयांच्या इअरफोनबद्दल पहिल्या दिवशी कोणी म्हणाले, की यात काही दम नाही, तर शंभरांत नव्वद वेळा दोष यंत्राचा नसतो. बोंड कानाच्या मापाचे नसते.

दुसरी गंमत अशी. उघड्या कानाची नळी बासरीसारखी घुमते आणि तीन हजार कंपनांच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवते. जन्मापासून आपल्या मेंदूला त्याची सवय आहे. नळीत बोळा बसला, की हे घुमणे बदलते, म्हणून यंत्राने ती भर स्वतः घालावी लागते. किलियन यांच्या कामाचे मर्म यातच होते. पण सर्वांचे कान सारख्या घडणीचे नसतात. एकाला जो इअरफोन गोड वाटतो तो दुसऱ्याला कर्कश वाटतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

तिसरी गोष्ट. लाउडस्पीकरवर ऐकताना गायक समोर बसल्यासारखा वाटतो. इअरफोनमध्ये तो डोक्याच्या मधोमध बसतो. समोरून येणारा आवाज दोन्ही कानांना मिळतो. बाजूने आला, तर एका कानाला क्षणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने आधी मिळतो, आणि कानाच्या पाळीवरून वळून आत येतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. इअरफोन हा सारा रस्ताच तोडतो. शिवाय कान बंद असल्याने चालताना आपली पावले धप् धप् घुमतात, चावताना दाते फिरल्यासारखी होतात, स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा येतो. दोन-चार दिवसांत मेंदू या साऱ्याला सरावतो. शंभर तास वाजवल्यावर यंत्र मोकळे होते, असे पुष्कळ हौशी सांगतात. मोकळे होते ते बहुतेक ऐकणाऱ्याचेच मन.

पहिल्या ऐकण्याला फसवणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र निराळीच आहे. १९३३ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना हेडफोन लावूनच एक प्रयोग केला. आवाज लहान असला की खर्जाचे स्वर कानाला अधिकच कमी भासतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात, हे त्यांनी मोजून दाखवले. म्हणून दोन यंत्रांपैकी जे जरासे मोठ्याने वाजते, ते आपल्याला जास्त भरदार, जास्त चांगले वाटते. दुकानदाराला हे ठाऊक असते! तेव्हा दोन इअरफोनांची तुलना करायची तर दोघांचा आवाज आधी सारखा करावा, ओळखीच्या माणसाचे नुसते बोलणे आधी ऐकावे, गाणे मागून. आणि निकाल आठवड्याने द्यावा. किमतीचे म्हणाल, तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. कोणता स्वर किती प्रमाणात वाजतो, आणि यंत्राची किंमत किती, यांचा काहीच मेळ सापडला नाही. म्हणजे महागाचे सारे खोटे असे नव्हे. पण पैसा मोजला म्हणून स्वर शुद्ध होत नाही.

आता प्रश्न असा, की आपण या वस्तूचे काय करतो? एस.टी.त बसलेला मुलगा पाहा. त्याच्या कानात सैल बसणारे साधे इअरफोन असतात. इंजिनाचा आवाज आत येतो, म्हणून तो गाण्याचा आवाज इंजिनाच्या वर नेतो. कान वाचवण्यासाठी जन्मलेले यंत्र असे कानाचे वैरी होते. कानाच्या आत शंखासारख्या वळशात प्रत्येक बाजूस सुमारे पंधरा हजार नाजूक पेशी असतात, त्यांवर केसांसारखे तंतू असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात. शेतातले गवत कापले तर पुन्हा उगवते. माणसाच्या कानातल्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक हिशेब घालून दिला आहे. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर जरूर मांडावा. ८० डेसिबेलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यातून ४० तास ऐकला तर चालतो. पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी करायची. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. असे करीत १०० डेसिबेलपर्यंत गेलो, की आठवड्याला वीस मिनिटांच्या आसपासच उरतात. मुलांसाठी तर आरंभच ७५ डेसिबेलपासून करावा. असुरक्षित रीतीने ऐकण्यामुळे जगातली शंभर कोटींहून अधिक तरुण माणसे धोक्यात आहेत, असे याच संघटनेने २०२१ सालच्या अहवालात म्हटले आहे.

नीट बसणाऱ्या इअरफोनचा खरा उपयोग इथे आहे. बाहेरचा गलबला अडल्यामुळे आवाज निम्म्याहून खाली ठेवूनही प्रत्येक शब्द कळतो. ज्याला हे साधले त्याला लाएनेकच्या कागदी नळीचे मर्म कळले. मात्र कान बंद ठेवून रस्त्याने चालू नये, सायकल चालवू नये, मळणी यंत्राजवळ किंवा ट्रॅक्टरजवळ काम करू नये. मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. कान वाहत असेल तर बोंड कानात घालू नये. एकाचे बोंड दुसऱ्याने न पुसता घालू नये. वर्गातल्या मुलांत ही देवाणघेवाण फार चालते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रांताची. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. गावातली वीसेक माणसे एका संचाभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, आणि ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत. बियाणे, खत, उंदीर, पंचायत, सारे विषय निघत. ऐकणे तिथे अर्धे काम होते. उरलेले अर्धे बोलण्यात होते. कानातल्या यंत्राने पहिले अर्धे फार सुरेख होते, पण दुसरे अर्धे होत नाही. मोरितांनी दोन भोके ठेवली होती ती याच शंकेने. घरात मुलगा एकटाच ऐकत असेल, तर त्याला अधूनमधून विचारावे, बाळ, काय ऐकलेस? विचारले म्हणजे तो सांगतो.

शेवटी त्या तोललेल्या पट्टीकडे परत येऊ. ती ज्यांच्यासाठी घडवली, त्यांची स्थिती काय आहे? जगात ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल, अशा शंभर माणसांपैकी जेमतेम सतरांना ते मिळते, असे त्याच २०२१ च्या अहवालात नोंदले आहे. म्हणजे तेच यंत्र हौशी माणसाच्या एका कानात दहा-दहा बसले आहे आणि गावातल्या आजोबांच्या कानात एकही नाही. आणि केवळ आजोबाच कशाला? मागच्या बाकावर बसणारे, लक्ष देत नाही म्हणून रोज बोलणी खाणारे एखादे पोर खरोखरच ऐकू न येणारे असू शकते.

त्याची प्राथमिक परीक्षा करायला लाखाचे यंत्र नको. मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्याला आपले ओठ दिसत नाहीत. त्याला एक कान बोटाने झाकायला सांगावे, आणि कुजबुजत्या आवाजात तीन आकडे म्हणावेत. मग दुसरा कान. आकडे त्याला परत सांगता आले नाहीत, तर पुन्हा एकदा करून पाहावे; तरीही जमले नाही, तर पालकांना बोलावून कानाच्या डॉक्टरकडे धाडावे. शाळेतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकालाही हे नाव कळवावे. अशा मुलाच्या कानात योग्य यंत्र बसले आणि त्याने पहिल्यांदा आपल्या आईची हाक नीट ऐकली, तर त्याचा चेहरा कसा होतो, हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना पुढचे काही सांगावयास नको.